तिसरी हाक

पूर्वी चंपावती नगरात अरिंदम राजा गादीवर असताना बोधिसत्त्व कुमुदग्रामच्या एका गृहपतीच्या घरी जन्मला. त्याचे नाव यशोमित्र. त्या राज्यात राजा नावापुरता. कायदे करी ती शंभर गृहपतींची सभा. सभेची रीत अशी, की प्रस्ताव तीनदा पुकारायचा. विरोध असेल त्याने बोलावे; एकाचा जरी आवाज उठला तरी प्रस्ताव पडे. गप्प बसेल त्याची संमती. रीत मोठी सोयीची. जेवणवेळेच्या आत कारभार आटोपे.

यशोमित्र तिशीतच सभासद झाला. एकदा प्रस्ताव आला, की हीच रीत न्यायालयात लावावी. आरोपीला तीन हाका द्याव्यात. तिन्हींना तो गप्प राहिला तर गुन्हा कबूल समजावा. न्यायाधीशाने हाकेपलीकडे काही विचारू नये, आणि तिसरी हाक चुकवील त्याचे पद जावे. यशोमित्राला हे पटले नाही. पण एवढी वडीलधारी मंडळी बसलेली, त्यांच्यापुढे आपण कशाला तोंड उघडायचे, असे म्हणून तो बसून राहिला. कायदा झाला.

पुढे त्याला त्याच्याच गावी, नदीकाठच्या कुमुदग्रामी, न्यायाधीश नेमले. लोक त्याला मान देत. त्याच्यासमोर खटला रेंगाळत नाही, असे सगळे म्हणत.

एका उन्हाळ्यात वाटेवर एका व्यापाऱ्याचा खून झाला. शिपायांनी रानातून मध काढणाऱ्या पिंगलाला धरून आणले. त्याला आरोपीच्या दगडावर बसवले. यशोमित्राने तीन हाका दिल्या. पिंगल नुसता त्याच्या ओठांकडे पाहत राहिला. त्याला गळ्यात धोंडा बांधून डोहात सोडले.

तिसऱ्या दिवशी खरा खुनी सापडला. त्याच दिवशी पिंगलाची बायको रेवा रान तुडवत आली. "माझा धनी जन्माचा बहिरा-मुका. तो कुठे आहे?" तिने शिपायांना विचारले. शिपायांनी माना खाली घातल्या.

चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ते हेच. यशोमित्राला सगळे कळले. पण लेखनिक म्हणाला, "महाराज, न्याय चुकला असे लोकांना कळले तर उद्या आपल्याला कोण विचारील? ती बाई जाईल रडून." यशोमित्र पुन्हा गप्प बसला. रेवेला एवढेच सांगितले, की पिंगल इथे आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी न्यायालय भरले, तेव्हा आरोपीचा दगड ओला होता. शिपायाने पुसला. तो पुन्हा ओला झाला. बाहेर जमीन भेगाळली होती, पण दारापासून दगडापर्यंत ओली पावले उमटली होती. जाणारी पावले नव्हती. लोकांना तेवढेच दिसे. यशोमित्राला मात्र दगडावर पिंगल दिसे. केसांतून पाणी गळते आहे, आणि डोळे ओठांवर खिळलेले. यशोमित्राने पाणी प्यायचे सोडले. तांब्या तोंडाला लावला की डोहातल्या शेवाळाचा वास येई.

अशात कालिका नावाच्या कुंभारणीला आणले. तिने विहिरीत विष घातले, असा आळ होता. तिला दगडावर बसवले. बसताच ती शहारली आणि अंग चोरून एका कडेला सरकली. शेजारी कोणी बसलेले असावे तशी.

"कालिके, गुन्हा तुझा आहे काय?" यशोमित्राने पहिली हाक दिली. तिचे ओठ हलले, शब्द फुटेना.

दुसरी हाक झाली. तिचे दात वाजत होते. पिंगलाने मान वळवून तिच्याकडे पाहिले, मग सावकाश यशोमित्राकडे.

लेखनिक कुजबुजला, "तिसरी द्या, महाराज. ऊन चढले."

यशोमित्राच्या जिभेवर हाक आली होती. ती दिली की बाई डोहात. न दिली तर पद गेले, अब्रू गेली. तो आसनावरून उठला, खाली आला आणि त्या ओल्या दगडावर त्या दोघांच्या मध्ये बसला. दगड बर्फासारखा गार होता.

"लोकहो, पिंगल निर्दोष होता," तो म्हणाला. "मला ते कळले होते आणि मी लपवले. ही बाई भ्यायली आहे, म्हणून बोलत नाही. तिला तिसरी हाक मी देणार नाही."

एक थंडगार बोट त्याच्या ओठांवरून फिरले. मग डाव्या बाजूची, पिंगलाची जागा मोकळी झाली. कालिका रडू लागली, आणि रडता रडता तिने सगळे सांगितले: विहिरीत मेलेले जनावर पडले होते. शिपायांनी गळ टाकला, तेव्हा ते वर आले.

यशोमित्राचे पद गेले. पण तो सभासद होताच; त्याने तो कायदा सभेपुढे पुन्हा पुकारायला लावला आणि विरोध केला. एकाचा आवाज उठला की प्रस्ताव टिकत नसे, तसा तो कायदाही मोडला. मग तो रेवेच्या झोपडीत गेला आणि खरे सांगून हात जोडून उभा राहिला.

"त्याच दिवशी बोलला असतात तर मला निदान त्याचे अंग तरी मिळाले असते," रेवा म्हणाली. "आता डोहात काय उरले असेल?"



ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, भिक्षेच्या रांगेत शेवटी बसतो तो मुका भिक्षू तेव्हाचा पिंगल. त्याला रोज आधी वाढते ती वृद्ध उपासिका तेव्हाची रेवा. यशोमित्र मी होतो. आणि ते शंभर गृहपती तुम्ही, आत्ता गप्प बसून ऐकणारे."

मग त्यांनी त्या जन्मात साधलेल्या पारमितेचे, म्हणजे पूर्णत्वाला नेलेल्या गुणाचे, नाव सांगितले: सत्य. उशिरा का होईना, ते बोलावेच लागते.