पाटातला उंबरा

चपला तिकडं काढा पाहुणे, मग वाकून बघा. पाटाच्या पाण्याखाली ती काळी शिळा दिसते ना? तो गोजराबाईच्या घराचा उंबरा. घर गेलं, उंबरा राहिला.

तेव्हा इथं गाव कसलं, नदीकाठची चार खोपटी. वर्षामागून वर्ष पाऊस पाठ फिरवून गेला. गोजराचा नवरा उखा बैल जगवायला चाऱ्याच्या मुलखात निघाला. "मी येईस्तोवर घर सोडू नको," म्हणाला. तिनं चुलीवर हात ठेवून शब्द दिला, असं सांगतात.

इकडं नदी आटली. वरच्या डोहात जिवंत झरा होता, म्हणून लोकांनी तिथून पाट खणायला घेतला. निम्म्यात काळा पाषाण आडवा आला. पहारी वाकल्या, माणसं रडकुंडीला आली. मऊ मुरूम होता तो फक्त गोजराच्या घराखाली! पाटलानं पागोटं तिच्या पायावर ठेवलं.

"घर मोडल्यावर तो येईल कुठं?" ती ओरडली आणि दारात आडवी पडली. काय करील बिचारी! पण शेजारणीचं तान्हं ओली चिंधी चोखत होतं. चिंधी वाळली तरी ते चोखतच राहिलं. गोजराला ते बघवेना. तिनंच आपल्या हातानं चुलीत माती लोटली. "एवढा उंबरा राहू द्या," म्हणाली, "त्याला खूण पटेल."

पाणी आलं, उंबऱ्यावरूनच वाहिलं. पाण्याच्या ओढीनं कुठकुठली माणसं येऊन वसली, बाजार भरू लागला. गोजरा पार खालच्या मळ्यात राबायची. एकदा परतली तर काठच्या बाभळीला बैलाची घंटा बांधलेली. तिच्याच बैलाची! धुणं धुणाऱ्या बायका नव्या वस्तीतल्या. म्हणाल्या, "होता कुणी वाटसरू. ओंजळभर पाणी प्यायला, इथं बसून रडला आणि गेला."

"अगं, मग विचारलं का नाही गं त्याला?"

खूण पाण्याखाली, त्याला दिसणार कशी? घर नदीनं नेलं, असंच वाटलं असेल त्याला. गोजरा वाटेनं धावत सुटली, पण उखा भेटला नाही. मग म्हणे ती मरेपर्यंत या काठावर बसून होती, येणाऱ्याजाणाऱ्याला एकच गोष्ट विचारत.

आजही इथं नवख्या माणसाला तसंच जाऊ देत नाहीत. सकाळी एसटीतून उतरलात, तेव्हा चहावाल्यानं विचारलं ना, "कुणाचं घर शोधताय?" आणि तुम्ही तोंड वाकडं केलंत. भोचक नाही हो तो. आमच्या गावानं एकदा विचारलं नव्हतं.