काकाचे हात बांधण्याची चाल

आंबेघोळच्या घोळाईच्या देवळासमोर वर्षातून एकदा एक विचित्र देखावा दिसतो. सुतारआळीतले एखादे मूल पहिल्यांदा पटाशी हातात धरणार असले, की त्याला शिकवणारा घरचा जाणता माणूस खांबाला टेकून बसतो आणि ते मूल त्याच्याच पागोट्याने त्याचे हात पाठीमागे बांधते. मगच शिकवणी सुरू होते. पाहुणे हसतात. देवळाचे म्हातारे धर्मा गुरव ते हसू ओसरू देतात आणि मग महिपती सुताराची हकिकत सांगतात.

फार पूर्वी महिपतीच्या मेलेल्या भावाची दोन मुले, राया आणि बयना, तापाच्या साथीत हातची जायला आली. तेव्हा तो घोळाईला नवस बोलला: पोरे वाचली, तर तुझ्या गाभाऱ्याचे दार त्यांच्याच हातून घडवीन. पोरे वाचली. पुढे हाताशी आली तेव्हा त्याने त्यांना कामाला बसवले.

महिपतीचा हात साऱ्या खोऱ्यात नावाजलेला, पण जीव भित्रा. रायाने पाडलेली खाच सैल झाली, की महिपतीला घोर लागे. गाव काय म्हणेल? समजावून सांगण्याइतका धीर त्याच्यापाशी नव्हता. मुले जेवायला गेली, की तो चुकलेला तुकडा चुलीत घाली आणि नवा घडवून जागेवर ठेवी. हे आपण मायेपोटी करतो की नावासाठी, हे त्याला स्वतःलाही कधी ठरवता आले नाही, असे सांगतात.

दार बसवले. पहिल्याच दिवशी मिटले, ते उघडेना. चार गडी रेटून थकले. आत देवी, बाहेर नैवेद्य. कोणी म्हणे लाकूड फुगले, कोणी म्हणे देवी रुसली.

बयना दारावरून बोट फिरवत राहिली. मग तिने भावाला विचारले, "दादा, ही खाच तुझी हाय?"

"माझीच की! कशी झ्याक बसलीय बघ."

"म्हणूनच इचारलं." ती काकाकडे वळली. "माझी फळी कडेला चिरली हुती. ह्यात चीर कुठाय, काका?"

महिपती पुटपुटला, "पोरी, गाव हसलं असतं तुमाला."

"हसू द्यायचं! आमचं वाईट देवीला चाललं असतं. तुमाला न्हाई चाललं!"

तिने कुऱ्हाड उचलली आणि दारावर घातली. तीन महिन्यांचे काम फुटताना पाहून महिपतीचेही डोके फिरले. तो कुऱ्हाड हिसकायला धावला, तेव्हा तिने म्हणे त्याचेच पागोटे ओढले आणि रायाच्या मदतीने त्याचे हात मागे बांधले. गाव मध्ये पडले नाही. नवस मोडला होता, हे आता सगळ्यांना कळले होते.

मग नऊ दिवस रोज सकाळी मुले हात बांधून महिपतीला खांबाशी बसवत आणि तो सांगेल तसे नवे दार घडवत.

"आंधळी हैस का? रेघंच्या अलीकडं मार!"

"मग हे आधी का न्हाई सांगितलं?"

"इचारलंस कधी?"

"चुकलं हे ठावं असतं, तर इचारलं असतं!"

देऊळ दणाणून जाई. चाळीस वर्षे हाताला ठाऊक असलेले त्याला तोंडाने सांगावे लागत होते, आणि शब्द सापडला नाही, की तो अधिकच भडके. बयनावर ओरडता ओरडता आपण खरे कोणावर चिडलो आहोत, हे त्याला उमगत गेले म्हणे. त्याने राग काही कमी झाला नाही.

दहाव्या दिवशी खाली दोन बोटे फट राहिलेले वाकडे दार चौकटीत बसले. बयनाने ते मिटले आणि पुन्हा ढकलले. उघडले.

राया काकाची गाठ सोडायला धावला.

"राहू दे," महिपती डाफरला. "अजून अडसर व्हायचाय."

आजही तो लाकडी अडसर तिरका बसतो. दार उचलून धरल्याशिवाय सरकत नाही. धर्मा गुरव रोज संध्याकाळी त्याच्यावर करवादतात, आणि कोणी रंधा घेऊन पुढे आलाच, तर त्याच्यावर त्याहून जास्त.