काही उरलेलं नाही

"तुम्ही सही करणार की नाही, उस्ताद? तेवढंच सांगा."

जिनेंद्रने कागद पुढे धरला होता. उस्ताद इमामसाहेबांनी तो घेतला नाही. ते तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासत होते, घासतच राहिले.

मी शेजारी खुंट्या तासत बसलो होतो. मिरजेतल्या त्या कारखान्यात माझी चाळीस वर्षं खुंट्यांतच गेली. त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे, कुणी सांगितलेलं नाही.

जिनेंद्र मगदूम म्हणजे उस्तादांचा सगळ्यात तयार शिष्य. हात असा चालायचा की बघत राहावं. आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं, हीच तर पंचाईत.

"वाच," उस्ताद म्हणाले.

त्याने वाचलं. जिनेंद्र मगदूम गेलं दीड वर्ष पत्नीपासून वेगळा, माझ्या कारखान्यात राहतो. पतिपत्नीमध्ये आता ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही.

"किती महिने झाले तुला इथे?"

"चौदा."

"आणि लिहिलेत अठरा."

जिनेंद्रने सुस्कारा टाकला. मग लहान मुलाला समजवावं तसं उस्तादांना समजवायला लागला. बघा म्हणजे, ज्यांनी त्याला करवत धरायला शिकवलं, त्यांना!

"दोघांची संमती आहे, उस्ताद. त्रिशलाचीसुद्धा. भांडण नाही की काही नाही. आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, ते राहिलो. आता दोघांनी मिळून अर्ज करायचा. पण अर्ज केला की लगेच सोडत नाहीत. आणखी सहा महिने थांबवतात. मग पुन्हा दोघांना उभं करून विचारतात, अजून तेच म्हणणं आहे का?"

"बरं विचारतात."

"कशाला पण? वकील म्हणाले, अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळे असलात आणि आपसात सगळं मिटलेलं असलं, तर ते सहा महिने कोर्ट माफ करू शकतं."

"अठरा लिही, असं वकील म्हणाले?"

"नाही... ते माझं डोकं. चार महिन्यांचा तर फरक! तुमची सही बघितल्यावर कोण शंका घेणार?"

उस्तादांनी घोडी खाली ठेवली.

"म्हणून तर विचार करतोय," ते म्हणाले.

मग त्यांनी कोपऱ्यातला जुना तंबोरा उचलून त्याच्यापुढे आडवा ठेवला. दांडी सरळ, भोपळा खणखणीत. पण दोन्ही मिळून सुरात राहत नव्हती. दोन्ही सुटी करून वेगवेगळ्या वाद्यांना लावायची होती.

"आधी हे खोल. मग कागदाचं बघू."

सांधा सरसाने चिकटवलेला असतो. सरस ताकदीने सुटत नाही. कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं सांध्याला गुंडाळायचं आणि बसायचं. गार झालं की बदलायचं. परत बसायचं. सकाळी लावलं तर दुपार टळेपर्यंत सांधा आपणच सैल होतो. पहिल्या वर्षाचा शिष्यही हे जाणतो, आणि जिनेंद्रला तर नऊ वर्षं झाली होती.

त्याने फडकं गुंडाळलं. घड्याळाकडे बघितलं. वकील पाचला कचेरीतून उठतात, असं दोनदा म्हणाला.

दोनदा फडकं बदललं.

तिसऱ्यांदा बदललं नाही. पातळ पातं सांध्यात सारलं आणि गुडघा लावून दांडी ओढली.

मी म्हणणार होतो, अरे थांब. तोंडापर्यंत आलं होतं. जिनेंद्रच्या घरातला सांधाही असाच घाईने सुटतोय हे मला दिसत होतं, तरी मी गप्प बसलो. त्याची खंत मला आजही आहे.

कट्ट...

दांडी त्याच्या हातात आली. दांडीला चिकटून भोपळ्याचा रुपयाएवढा टवका आला होता. भोपळ्याला तेवढंच खिंडार पडलं.

"बुजवता येईल," जिनेंद्र घाईघाईने म्हणाला. "दिसणारसुद्धा नाही."

उस्ताद रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दांडी मांडीवर घेतली, फडकं पिळलं, त्या टवक्यावर ठेवलं आणि वर तळहात दाबून बसले.

गार झालं. बदललं. पुन्हा बसले.

जिनेंद्र उभा होता. पाच वाजून गेले. तो गेला नाही.

बऱ्याच वेळाने उस्तादांनी हात उचलला. टवका आपसूक तळहातात उतरला होता. त्यांनी तो जिनेंद्रसमोर धरला.

"हा कुणाचा?"

"भोपळ्याचा."

"बसव."

त्याने बसवून पाहिला. कडा चुरल्या होत्या. बसेना.

"मग दांडीचा?"

"...नाही."

जिनेंद्र खाली बसला. टवका त्याच्या बोटांत होता.

"चंदना रविवारी येते," उस्ताद म्हणाले.

चंदना त्याची मुलगी. सहा वर्षांची. आई तिला दर रविवारी कारखान्याच्या दारात सोडून जायची.

"हो."

"आली की पहिलं काय विचारते?"

जिनेंद्र बोटांतला टवका फिरवायला लागला.

मला माहीत होतं. सगळ्या कारखान्याला माहीत होतं. तू घरी का येत नाहीस, असं पोरीने विचारलं तेव्हा यानेच तिला सांगितलं होतं, बाबा एक मोठा तंबोरा करतोय, तो झाला की येणार. तेव्हापासून ती दर रविवारी चप्पल काढायच्या आधी विचारायची, बाबा, झाला का?

चौदा महिने. आणि हा म्हणायचा, अजून थोडा राहिलाय.

"लहान आहे ती," जिनेंद्र म्हणाला. "तिला काय कळणार, उस्ताद? कोणत्या तोंडाने सांगू? त्रिशला म्हणते तू सांग, मी म्हणतो तू सांग..."

"म्हणजे एवढं ठरायचं उरलंय."

तो रडला. मी उगाच एक तासलेलीच खुंटी परत तासत होतो.

"संसार मोडू नका, असं म्हणताय का तुम्ही?" शेवटी त्याने विचारलं.

"मी कुठे म्हणालो? तुला मी जोडायला नव्हतं सांगितलं. खोलायलाच सांगितलं होतं."

मग उस्तादांनी हात पुढे केला. "आण तो कागद."

जिनेंद्रने चमकून वर पाहिलं. कागद दिला.

उस्तादांनी लेखणी घेतली नाही. भोपळ्याचा टवका कागदावर ठेवला, नीट चार घड्या घातल्या आणि पुडी त्याच्या खिशात सारली.

"रविवारी पोरीला सांग, तंबोरा झाला. पुढचं ती विचारेल, त्याला खरं उत्तर दे. मग खरे महिने लिहून ये सहीला."