ठमीचा चावलेला दाणा

एक होती मुंगी. नाव तिचं ठमी. भारी संशयी हो!

ठमीने मटारचा दाणा चावला. कुटुक! गोड गोड. ती गेली भावंडांना बोलवायला. परत येते तो काय? दाणा गायब!

कुंदाकाकूने सगळे मटार फ्रीजरमध्ये टाकले होते. आज बाहेर काढले, तर त्यांचा झाला बर्फाचा गोळा. गोळा बसलाय स्टीलच्या वाटीत.

"अस्सं! माझा दाणा आतच आहे," ठमी म्हणाली. भूक तर अशी लागलेली!

ठमी गेली बर्फाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"बर्फा बर्फा, माझा दाणा दे."
"तुझा कशावरून? मी नाही देत जा! मायक्रोवेव्ह ओव्हन फिरेल, तर मी सोडेन."

ठमी गेली ओव्हनकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"ओव्हनदादा, फिर ना. बर्फ सोडेना, दाणा मिळेना."
"स्टीलची वाटी घेऊन? ठिणग्या उडवायच्यात वाटतं? तड तड तड! मी नाही फिरत जा! काचेचा वाडगा येईल, तर मी फिरेन."

ठमी गेली वाडग्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"वाडगेदादा, ये ना. ओव्हन फिरेना, बर्फ सोडेना, दाणा मिळेना."
"मला फोडायचा बेत दिसतोय! मी नाही येत जा! काकू उचलेल, तर मी येईन."

ठमी गेली काकूकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"काकू काकू, उठा ना. वाडगा येईना, ओव्हन फिरेना, बर्फ सोडेना, दाणा मिळेना."
काकूने चष्मा वर केला. "मटार सोलले मी. आणि दाणा म्हणे हिचा! चोर तर नाहीस ना गं?"

ठमीला रडूच आलं. "मी नाही चोर! माझ्या दाण्यावर माझ्या दातांची खूण आहे. बघा हवं तर!"

"बघतेच!" म्हणत काकू उठली.

काकू उठली, वाडगा आला. वाडग्यात गोळा बसला. काकूने बर्फ वितळवायचं बटण दाबलं. ओव्हन फिरला. घुंई घुंई घुंई. टिंग!

"झालं!" काकू म्हणाली.

"थांबा!" ठमी म्हणाली. "वरून मऊ. पण मधे? मला नाही बाई पटत."

काकूने चमच्याने टोचलं. टक टक! मधे बर्फच!

काकूने गोळा फोडला. उलटापालटा केला. पुन्हा घुंई घुंई. टिंग! आता मात्र बर्फ सुटला. टप टप टप. सगळे मटार मोकळे.

आणि मधे काय? चावलेला दाणा!

"अगंबाई, तुझाच की गं! चुकलंच माझं," काकू म्हणाली. दाणा तिने ठमीला दिला. बाकीचे मटार लगेच कढईत. चुर्र!

ठमी दाणा घेऊन निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. मधेच थांबली. मागे वळून बघितलं. कुणी येत तर नाही ना?

नाही. दारात भावंडं उभी. सगळे बसले गोल.

कुटुक! कुटुक! कुटुक!