सावरीच्या शेंड्यावरची सभा

वेळ सूर्यास्ताची, जागा ओढ्याकाठची काटेरी सावर. गोष्ट फार जुनी आहे.

सावरीच्या शेंड्यावर वानरांनी सभा भरवली होती. वैद्य करकोच्याचा दवाखाना ओढ्यापलीकडे हलवायचा होता. वानर तिकडे फांद्यांवरून जाणार होते. जमिनीवरच्या प्राण्यांना एकच वाट होती, आणि ती तरसाच्या गुहेसमोरून जात होती.

ससीण खोडाशी उभी होती. तिच्या पिलाचं अंग तापलं होतं.

"दादा, दवाखाना इथेच राहू द्या," ती म्हणाली.

"ऐकू येत नाही, ससूताई! वर ये की. सभा सगळ्यांना खुली आहे!" म्होरक्या वानर ओरडला.

"खोडाला काटे आहेत. तुम्हीच खाली या ना."

"मग मोठ्याने बोल!" वर हशा पिकला.

ससीण ओरडणार, तोच म्हाताऱ्या साळिंदराने तिला अडवलं. "अगं, हळू! तरस उठायची वेळ झाली."

गवतात दडलेले सगळे श्वास रोखून बसले.

"खालून कुणाची हरकत?" म्होरक्याने विचारलं. खालून आवाज आला नाही. "नाही ना? मग एकमताने मंजूर!"

दवाखाना हलला. पिलाचा ताप उतरेना, तेव्हा ससीण त्याला घेऊन तरसाच्या वाटेने निघाली. ती दोघं वैद्याकडे पोचली नाहीत आणि परतही आली नाहीत.

सभा झाडाखाली का घेतली नाही, हे साळिंदराने वानरांना अनेकदा विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.