उसनं नाक

चिंचगड संस्थानातल्या सदूभट आचाऱ्याला एका हिवाळ्यात अशी सर्दी झाली, की ती जाताना त्याची वासाची जाणच घेऊन गेली. हिंग काय नि अत्तर काय, त्याला सारखंच! पण हाताची सवय जुनी, त्यामुळे स्वयंपाक पूर्वीइतकाच फक्कड व्हायचा.

दिवाण नागोपंतांना मात्र त्या जागी आपला मेहुणा चिकटवायचा होता. त्यांनी राजेसाहेबांचे कान भरले, "सरकार, हा उद्या नासलेलं वाढेल!"

झालं, परीक्षा ठरली. आमटीची पाच झाकलेली पातेली मांडली. त्यातल्या एकातली आमटी आंबलेली होती. चव न घेता ती ओळखायची, नाहीतर नोकरी गेली.

सदूभट म्हणाला, "दिवाणजींनी जवळ उभं राहावं. नाहीतर मागून म्हणतील, भटानं गुपचूप बोट चाटलं."

नागोपंत तोऱ्यात येऊन पातेल्यांवर ओणवे झाले. सदूभट एकेक झाकण उचलू लागला. चौथं उघडताच तो म्हणाला, "हीच!"

राजेसाहेब चकित झाले. "अरे, तुला तर वास येत नाही ना?"

"नाहीच येत, सरकार. मी दिवाणजींच्या नाकाकडे पाहत होतो. चौथ्याला ते मुरडलं." सदूभटानं हात जोडले. "दिवाणजी रोज माझ्या स्वयंपाकघरात नाक खुपसतातच. मग मला वेगळं नाक कशाला?"

राजेसाहेब हसता हसता लोडावरून घसरले. सदूभटाची नोकरी राहिली आणि दिवाणजींना रोज जेवणाआधी पातेली हुंगायचा हुकूम सुटला.