पाहुण्यांचा घड

फार जुन्या काळची गोष्ट. नदीच्या वळणावर केळीच्या बागांचं एक गाव होतं. एके दिवशी दुपार कलताना त्या गावात एक माणूस आला. त्याच्या पाठीला गाठोडं होतं आणि बोटाला एक लहान मुलगी. दिवस नेहमीसारखाच होता. एका घराच्या अंगणात आजी केळफूल सोलत बसली होती आणि आजोबा ओसरीवर दोरी वळत होते. माणूस त्यांच्याच दाराशी थांबला.

तो पुढच्या दारानं आला, गाठोडं घेऊन आला, म्हणजे तो पाहुणा. आणि पाहुण्याच्या पोटात काही गेल्याशिवाय त्याला नाव-गाव किंवा काम विचारायचं नाही, अशी त्या गावची रीत होती. आजोबांनी ओसरीच्या तुळईला टांगलेल्या घडातून दोन पिवळीधमक केळी काढली. आजीनं चुलीवरचं कोमट दूध दोन पेल्यांत आणलं.

"घ्या. उन्हातून आलात. आधी खा, मग बोलू."

मुलीनं केळं भराभरा संपवलं आणि दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरला. माणसानं केळं सोललं, पण ते हातातच धरून ठेवलं.

"पिकलं नाही का नीट?" आजोबांनी विचारलं.

"चांगलं आहे."

"मग संकोच कसला? आमच्या गावात पाहुणा लाजला तर आम्हालाच लाज वाटते."

माणसानं एक घास घेतला. मग खाली बघत तो म्हणाला, "मी तुमच्या लेकीच्या गावाहून आलो. ती गेली. अंगात काही उरलंच नव्हतं तिच्या. ही तिची रेवू. बाप मालाच्या नावेवर, बारा महिने घराबाहेर. हिला तुमच्याकडे ठेवायला सांगितलंय त्यानं."

आजीचे हात केळफूल सोलतच राहिले, पण आपण काय सोलतो आहोत हे तिला दिसत नव्हतं.

थोड्या वेळानं आजोबा उठले. त्यांनी रेवूच्या हातातला पेला हलकेच काढून घेतला. त्यात अजून दूध होतं.

"म्हणजे ही पाहुणी नव्हे," ते म्हणाले. "ही आपली. घरची."

तुम्ही म्हणाल, आजोबा निर्दय होते. तसं नव्हतं. फार पूर्वी म्हणे एक वाटसरू त्या गावातून उपाशी गेला आणि पुढच्या वळणावर कोसळला. त्या लाजेतून गावानं नेम केला. प्रत्येक ओसरीवर एक घड टांगायचा, चुलीवर दूध कोमट ठेवायचं आणि दोन्ही पाहुण्यासाठी राखायचं. घरच्या माणसानं ते खाल्लं तर बाग करपते, असा सगळ्यांचा समज होता. बागेतला बाकीचा माल नावेनं बाजारात जाई, तूपही जाई. घरची माणसं भाकरी, आमटी आणि केळफुलाची भाजी खात.

पाहुणे काही रोज येत नाहीत. टांगलेली केळी काळी पडत आणि गोठ्यात जात. त्यामुळे त्या गावात गुरं गुबगुबीत होती आणि मुलं काटकुळी. येणारे-जाणारे गावाचं तोंडभर कौतुक करत. त्या कौतुकात मुलांचे हातपाय कुणाला दिसत नसत.

रेवू आल्यापासून नीट जेवत नव्हती. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत बसे. खेळताखेळता भिंतीला टेकून झोपून जाई. गुडघा खरचटला तर जखम लवकर भरत नसे. तिला न्हाऊ घालताना आजीची बोटं पाठीवर मध्येच थांबत. लेकीच्या लहानपणीही हीच हाडं तिच्या हाताला लागली होती. तेव्हा ती स्वतःशी म्हणाली होती, चणच बारीक आहे पोरीची.

आजोबांनी नदीपलीकडच्या वैद्यांना बोलावलं. वैद्य पुढच्या दारानं आले, बगलेत औषधांचं गाठोडं घेऊन. रीतीप्रमाणे त्यांच्यापुढे केळं आणि दूध आलं. ते खात खात त्यांनी रेवूची नाडी पाहिली, डोळे पाहिले, जीभ पाहिली.

"रोग काही नाही," ते म्हणाले. "पोर झिजली आहे. आई गेल्याचं दुःख आहे, त्याला काळ लागेल. पण दुःख सोसायलाही अंगात बळ लागतं. सकाळी एक पिकलेलं केळं द्या, तरतरी येईल, पोटही साफ राहील. संध्याकाळी पेलाभर दूध द्या, हाडं आणि दात बळकट होतील. भाकरी-आमटी सोडायची नाही, त्याच्या जोडीला हे द्यायचं. आणि रोज द्या. एक दिवस टोपलीभर देऊन काही होत नाही."

आजोबा जमिनीकडे बघू लागले. "वैद्यबुवा, दुसरं काहीतरी सांगा. ते आमच्या घरात नाही."

"नाही?" वैद्यांनी हातातल्या सालीकडे पाहिलं. "मग मी आत्ता काय खाल्लं?"

"ते पाहुण्याचं."

वैद्यांनी मिशीवरची साय पुसली आणि ते उठले. "बरं तर. एखादा पाहुणा आजारी पडला की मला बोलवा." आणि ते नावेत जाऊन बसले.

त्या संध्याकाळी आजी काळी पडलेली केळी घेऊन गोठ्यात गेली. त्या काळी गाई बोलत असत, आणि ज्यांना वेळ असे ते ऐकत असत.

"बाई, एक विचारू?" ढवळी गाय म्हणाली. "केळी मी खाते. दूध मी देते, ते पाहुणे पितात. यात तुझी नात कुठं आली?"

"रीत आहे, ढवळे."

"माझ्या वासराला कुणी रीत सांगितली नाही. सकाळ-संध्याकाळ येतं, ढुशी देतं आणि पितं. बघ कसं उड्या मारतंय."

"टोमणे मारू नकोस. रीत वाईट नाही आमची. भुकेल्यासाठी केली आहे ती."

"भुकेल्यासाठी?" गायीनं केळं चघळत विचारलं. "मला वाटलं, गाठोडंवाल्यासाठी."

आजीनं टोपलीतली उरलेली केळी तिच्यापुढं टाकली आणि ती घराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रेवूचा जुना परकर एका फडक्यात बांधला, गाठोडं तिच्या काखेत दिलं, परसदारानं तिला बाहेर नेलं आणि वळसा घालून शेजारच्या सगुणाक्काच्या पुढच्या दाराशी उभं केलं.

"सगुणाक्का, पाहुणी आली आहे."

"कोण, ही?" सगुणाक्का केरसुणी टेकवून उभी राहिली. "काल माझ्या ओल्या सारवणात पाय उमटवून गेली, तीच ना ही पाहुणी?"

"गाठोडं आहे तिच्याजवळ."

"असं? आणि काय आणलंस गं गाठोड्यात?"

"परकर," रेवू म्हणाली. "फाटका आहे."

सगुणाक्का खळखळून हसली. मग तिची नजर गाठोडं धरलेल्या मनगटावर गेली आणि हसू ओसरलं. तिनं मागं वळून पाहिलं. तिची स्वतःची दोन मुलं उंबऱ्यात बसली होती. त्यांची मनगटंही तशीच होती.

"बस, पाहुणीबाई," ती म्हणाली आणि तिनं घडातलं सगळ्यात चांगलं केळं मोडून दिलं. दूध ओतता ओतता तिनं हळूच विचारलं, "आणि माझी ही दोन?"

"त्यांनाही गाठोडी बांध," आजी म्हणाली.

संध्याकाळी आजोबा ओसरीवर बसले असताना दोन मुलं पुढच्या दारानं आली. धाकट्याचं गाठोडं त्याच्यापेक्षा मोठं होतं.

"कोण रे?"

"पाहुणे."

"अरे, तू सगुणेचा गंप्या ना?"

"आधी खायला द्यायचं असतं," गंप्या म्हणाला. "नाव मग विचारायचं असतं."

आजोबांनी आत पाहिलं. आजी चुलीत फुंकर घालत होती आणि तिला काहीच ऐकू येत नव्हतं. आजोबांनी उभ्या जन्मात पाहुणा परत पाठवला नव्हता. ते उठले आणि त्यांनी घडाला हात घातला.

मग एका आळीतून दुसऱ्या आळीत ही गोष्ट गेली. सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी सारं गाव पाहुण्यांनी भरून जाऊ लागलं. पोरं गाठोडी घेऊन या दारातून त्या दारात जात. एका सकाळी गंप्यानं गावातल्या एकूण एक घराचा पाहुणचार घेतला आणि दिवसभर पोट धरून कण्हत पडला. "रोज म्हणजे रोज थोडं," आजीनं त्याला सुनावलं. "सगळं आजच नव्हे, गाढवा." कुंभाराच्या मुलीला दूध सोसेना, तिच्या पेल्यात ताक ओतलं जाऊ लागलं.

आजोबांना सगळं कळलं होतं. एकदा ते आजीला म्हणाले, "तू रीतीची थट्टा मांडलीस. उद्या खरा पाहुणा आला आणि घड रिकामा निघाला तर?"

"बागेतून दुसरा आणू. बाजारात एक घड कमी जाईल."

"आणि बाग करपली तर?"

आजीनं नेहमीच्याच आवाजात उत्तर दिलं. "एक लेक गेली आपली. बागेचं काय ते बघू."

आजोबा उठून बागेकडे गेले.

बाग करपली नाही. नवे कोंभ आले, केळफुलं लोंबली. रेवूत फरक पडला, पण तो एका दिवसात नाही. आधी ती दुपारी झोपायची थांबली. मग गुडघ्यावरची जखम वाळून खपली पडली. मग भाकरी पुरेना. एके दिवशी आजोबा बांधावर उभे असताना ती वासराच्या मागं धावत त्यांच्या समोरून गेली, वळणापर्यंत गेली आणि तशीच धावत परत आली. आईची आठवण तिला येतच होती. पण आता ती रडली, की रडून झाल्यावर उठत होती.

एका सकाळी ती परकराचं गाठोडं काखेत मारून निघाली.

"कुठं चाललीस?" आजोबांनी विचारलं.

"पाहुणी व्हायला."

"गाठोडं ठेव खाली."

रेवूनं ते आणखी घट्ट धरलं. आजोबा तिच्यापुढं उकिडवे बसले. "इकडं बस. पाहुणे बसतात तिथं बस. आपल्याच घरात कुणाला गाठोडं लागत नाही. हे मला कळायला उशीर झाला, बाळ."

त्यांनी घडातलं केळं मोडून तिला दिलं. मग स्वतः चुलीपाशी गेले. दूध ओतायची सवय नव्हती, थोडं सांडलं. पेला तिच्या हातात देऊन त्यांनी आपले हात मागं घेतले. रेवू त्यांच्यावर नजर ठेवून प्यायली, पार तळापर्यंत.

त्या वर्षापासून गावातल्या प्रत्येक ओसरीवर दोन घड दिसू लागले, एक वाटसरूंचा आणि एक घरच्यांचा. चुलीवर दुधाचं मोठं पातेलं चढलं. वाटसरू पूर्वीसारखेच येत राहिले, खाऊन-पिऊन तृप्त होऊन जात राहिले. आता ते गावाच्या बागांबरोबर गावाच्या मुलांचंही कौतुक करत. वैद्य एकदा नदी ओलांडून आले, दोन्ही घडांकडे पाहून हसले, आणि त्यांनी पाहुण्यांच्याच घडाचं केळं मागून घेतलं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, गोष्टीचं सांगणं एवढंच, की दाराशी आलेल्याचा मान जरूर राखावा, पण घरच्या लेकराच्या हाती केळं आणि दूध रोजच्या रोज द्यावं.

रेवूची आईही त्याच ओसरीवर वाढली होती. तिला ते द्यायचं राहून गेलं.